मिस्त्री म्हणाले, बसते

"तुमचा आवाज मोठा हाय जी बाई, पन नळी ढिली हाय."

मुखरूभाऊ मिस्त्री माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. ब्रह्मपुरीच्या चौकात आमच्या संघटनेची सभा होती. विषय रानडुकरांचा. डुकरं एका रात्रीत धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं अख्खं शेत, लोळवून जातात, पंचनाम्याला साहेब येतो तेव्हा त्याच बांधीत दुसरं पीक उभं असतं, आणि तो आम्हालाच विचारतो, नुकसान कुठाय? हे सगळं मी हातातल्या भोंग्यातून तळमळून सांगत होते आणि भोंगा मधूनमधून कुईं करून रडत होता. समोरच्या दुकानातून एक माणूस उठून आला. पांढराशुभ्र शर्ट, काळ्याभोर रंगवलेल्या मिशा. मी वाक्याच्या मध्यावर असताना त्यानं भोंगा माझ्या हातातून काढून घेतला, पुढचं तोंड धरून हलवलं, ते वाक्य बोलला आणि भोंगा घेऊन परत दुकानात गेला. सभेचं तोंड त्याच्याकडे फिरलं. सायकलच्या ट्यूबची एक चकती कापून, आत घालून, तोंड पुन्हा बसवून तो परत आला.

"आता बोला. आता जिथं पाठवसान तिथंच जाईन."

मी चिडले होते. आमच्या सभा अशा कुणी थांबवलेल्या मला खपत नाहीत. पण भोंगा पुन्हा रडला नाही, हेही खरं.

मिस्त्रींचं दुकान बंदूक दुरुस्तीचं. गडचिरोलीकडच्या माणसासमोर बंदूक म्हटलं की तो आवाज खाली करतो, पण मिस्त्रींकडे येणाऱ्या बंदुका परवान्याच्या, पीक राखायच्या. बाभळीच्या दस्त्याच्या एकनळ्या, आणि अधूनमधून एखादी जुनी फौजी रायफल. फौजेनं म्हातारी झाली म्हणून काढून टाकलेली, कुण्या मालगुजारानं लिलावात घेतलेली, आजोबाच्या परवान्यावरून बापाच्या आणि बापाच्या परवान्यावरून पोराच्या नावावर चढलेली. या रायफलींवर मिस्त्रींचा जीव. आणि या रायफलींबद्दलच लोकांचा एक ठाम समज असतो, की नळीवर जो नंबर ठोकलाय त्या नंबरची काडतुसं आणली म्हणजे काम झालं.

"तो नंबर म्हंजे पत्रिका," मिस्त्री म्हणायचे. "पत्रिका पाहून कोनी पोरगी करते का? नळी किती साल पाऊस पेली, किती गंज खाल्ली, कोनं किती घासली, ते नंबरात लिहून हाय का? नळीलेच इचारा ना."

नळीला विचारायची त्यांची रीत अशी. मऊ शिशाची एक गोळी तेल लावून नळीच्या एका तोंडातून आत घालायची, लाकडी दांडीनं हळूहळू ठोकत दुसऱ्या तोंडातून बाहेर काढायची. बाहेर आलेल्या शिशावर नळीच्या आतल्या खाचा उमटलेल्या असतात. मखमलीच्या डबीतलं मोजायचं यंत्र काढून त्या शिशाची जाडी बघायची आणि मग काडतुसाची गोळी बघायची. दोघींचं जमलं तर ठीक, नाहीतर बंदूक परत.

या कामात त्यांचे दोन शब्द होते. बसणं आणि धरणं. काडतूस आपल्या खोबणीत नीट गेलं, मागचं झाकण लागलं, की गोळी 'बसते'. पण पुढं नळी त्या गोळीला चहूबाजूंनी आवळते का, फिरवत नेते का, हा वेगळा प्रश्न. आवळत असेल तर नळी 'धरते'.

"बसते म्हंजे सून घरात आली. धरते म्हंजे नांदली," ते सांगायचे. "गोळी मोठी झाली तर नळी फाटते, तोंडावर येते. ते सगळ्यायले समजते. पन गोळी बारीक अन नळी झिजून मोठी, हे कोनाले समजत नाई. गोळी जाते ना! आवाज होते ना! पन ते पेलेल्या मानसावानी जाते. आडवी-तिडवी. कागदावर भोक गोल नाई पडत, लांबोळकं पडते."

आता कुणाला वाटेल, मी एका साध्यासुध्या, विनम्र कारागिराचं चित्र काढतेय. मुळीच नाही. मिस्त्रींइतका शेखी मिरवणारा माणूस मी पाहिला नाही. दिवसभर तेल, काजळी आणि गंज यांत काम करून शर्ट पांढरा ठेवायचा, आणि गिऱ्हाइकाला तो दाखवायचा. "डाग दिसला तर समजा मिस्त्री कच्चा." नागपूरचा कुणी मोठा अंमलदार एकदा त्यांच्याकडे बंदूक घेऊन आला होता म्हणे. ही गोष्ट मी जितक्यांदा ऐकली तितक्यांदा त्या अंमलदाराच्या मागच्या गाड्या वाढत गेल्या. शेवटी शेवटी तर चौकात वाहतूक तुंबली होती. भिंतीवर आरसा टांगलेला. नळीतून उजेडाकडे बघून झालं की आरशात मिशीकडे बघायचं.

एक मालगुजाराचा नातू मोठ्या गाडीतून आला होता. आजोबांची फौजी रायफल आणि कुठून तरी लांबून मागवलेल्या काडतुसांची पेटी. मिस्त्रींनी नळीला विचारलं आणि पेटी त्याच्याकडे सरकवली.

"हे सोयरीक जमत नाई."

"अहो पण नंबर सारखाच आहे ना?"

"सारखाच हाय जी. तुमचं अन तुमच्या आज्याचं आडनाव बी सारखंच हाय. आज्याचा कोट तुमाले होते का?"

नातू काडीसारखा बारीक. दुकानाबाहेर चहा पीत बसलेले सगळे हसले आणि मिस्त्रींनी आरशात बघितलं. अशी दाद त्यांना हवी असायची. ती नसेल तर त्यांचं काम चांगलं व्हायचं नाही, असं मला आता वाटतं. किंवा उलटं असेल. दाद असली की व्हायचं नाही.

जमणं न जमणं हे वेड दुकानापुरतं नव्हतं. डब्याला दुसऱ्या डब्याचं झाकण लावलेलं दिसलं की घरी जेवण अडायचं. पोरीच्या लग्नात नवरदेव मांडवात शिरला, तो चालताना त्याच्या बुटाची टाच फटफट वाजली. मिस्त्री वाकून व्याह्यांच्या कानात म्हणाले, "जवाई दुसऱ्याचा बूट घालून आले काजी?" खरंच मित्राचा बूट होता. व्याही रागावले, बायकांनी डोळे वटारले. मिस्त्री गायब. सगळ्यांना वाटलं, रुसले. पाऊण तासानं ते बाजारातून नवा बूट घेऊन आले आणि भर मांडवात जावयाच्या पायाशी बसून त्याच्या पायात घातला. अंगठ्यानं पुढं दाबून बघितलं. "चाला जरा." जावई चालला. वाजलं नाही. "आता लावा लगन."

ही पोरगी आता माजरीला, खाणीच्या वसाहतीत असते. ती मला म्हणाली होती, "बाबाचं प्रेम म्हंजे असंच. मापात."

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या वर्षी बंदुका परत मिळेपर्यंत धान पोटरीला येऊन गेलं होतं. पुरता पावसाळा त्या बंदुका कुठल्या खोलीत, कशावर कशा रचून ठेवल्या होत्या देव जाणे. सरकारला आमच्या डुकरांची घाई नसते आणि आमच्या बंदुकांची तर नसतेच. परत मिळाल्या तशा लोकांनी सरळ मिस्त्रींच्या दुकानाशी रांग लावली. मी त्या रांगेत आमची पत्रकं वाटत होते.

मिस्त्री रंगात होते. रांग चौकापर्यंत, प्रत्येकाच्या तोंडी मिस्त्री, मिस्त्री. प्रत्येक बंदुकीला विचारत बसायचं म्हणजे वेळ लागणार, आणि लोकांच्या गाड्या सुटणार. तेव्हा देवराव पुढं आला. कुरखेड्याच्या पलीकडच्या गावचा. काटक, कमी बोलणारा, आणि नेमाला इतका पक्का की गावोगाव माहीत. हातात आजोबापासूनची फौजी रायफल.

मिस्त्रींनी शिशाची गोळी घ्यायला हात लांबवला. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काजी मिस्त्री, नळीले काय इचारून राह्यले? वडशाची गाडी लागली. तुमच्या नजरेलेच इचारा ना आता!"

दुसरा म्हणाला, "मिस्त्रीची नजर म्हंजे एक्स-रे हाय बे."

सगळे हसले. मीही हसले. मिस्त्रींचा हात शिशावरून परत आला. त्यांनी रायफल उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला. देवरावाचं एक काडतूस घेतलं, खोबणीत घातलं, मागचं लोखंड पुढं लोटून बंद केलं. खट्. उघडलं. काडतूस काढून त्याच्या हातावर ठेवलं.

"बसते."

"पक्कं ना, भाऊ?" देवरावनं विचारलं.

"बसते म्हनलो ना लेका. मिस्त्री कोन हाय?"

"तुमी."

"मंग जाय. गाडी सुटते."

देवराव गाडीकडे पळाला. मिस्त्रींनी आरशात बघितलं.

त्यानंतर चार-सहा दिवसांतलीच गोष्ट. दिवस मावळायला आला होता, अजून माणूस ओळखू येत होतं. देवरावच्या बांधीत डुक्कर शिरलं. डुक्कर मारायची परवानगी त्याच्याकडे होती. त्यानं गोळी झाडली. डुक्कर होतं पूर्वेला. धुऱ्याच्या, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाच्या, पलीकडे, बरंच उत्तरेला, त्याची विधवा वहिनी पारबताबाई आपल्या बांधीतलं पाणी वळवत वाकली होती. गोळी तिच्या कमरेखाली लागली. जखम गोल नव्हती. डॉक्टरनं केसपेपरवर लिहिलं, गोळी आडवी शिरली आहे. ते वाचायला कुणाला सवड नव्हती. गावाला सगळं कळलंच होतं. दीर-भावजयीचं धुऱ्यावरून भांडण होतं. बाई विधवा. जमीन लागून. आणि देवरावचा नेम चुकत नाही.

ही शेवटची गोष्टच त्याच्या गळ्याशी आली. पारबताबाई दवाखान्यातल्या खाटेवरून पोलिसांना म्हणाली, "उडत्या पाखराले मारते तो. मंग मले कशी लागली? चुकून लागली का?" देवरावला जिवे मारण्याच्या प्रयत्नाखाली धरलं. तो जेलात गेला. पोलिसांना त्यानं एकच सांगितलं, "म्या डुकराले मारली. गोळी कुठी गेली मले नाई समजलं." आणि हेही सांगितलं, की बंदूक मिस्त्रींकडून तपासून आणली होती.

आम्ही त्याचं प्रकरण हातात घेतलं. पत्रक काढलं. मथळा माझाच: डुकराला मोकळं रान, माणसाला जेल! खाली, शासनानं लोकांना भंगारातल्या बंदुकांवर सोडून दिलं आहे वगैरे. त्यातलं काही खोटं नव्हतं. पण पत्रकानं माणूस सुटत नाही. वकील म्हणाले, बंदुकीची जाण असलेलं कुणी तरी बोललं पाहिजे. मी मिस्त्रींकडे गेले.

दुकानाचं एकच दार उघडं होतं. मिस्त्री आत अंधारात बसलेले. आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलेला. मिशांच्या मुळाशी पांढरं आलं होतं.

"देवरावच्या रायफलीबद्दल कोर्टात बोलाल का?"

"मले काही माहीत नाई, बाई."

"तुम्हीच तपासली ना? मी इथं उभी होते."

"तुमी होत्या. तुमाले माहीत हाय मंग. मले काऊन इचारता?"

"तुम्ही घाबरलात."

मला वाटलं होतं ते भडकतील. ते म्हणाले, "हो जी." आणि उठून ते एक दारही लावून घेतलं.

देवराव आत होता. पारबताबाईचं हाड जुळत नव्हतं. तपासणीचा अहवाल आला, त्यात लिहिलेलं: रायफल चालू स्थितीत आहे. चालू स्थितीत! मी तो कागद वाचून टेबलावर आपटला. गोळी आत जाते, बाहेर येते, चालू स्थितीत आहे. मग एका माणसानं काय करायचं, त्या चालू स्थितीच्या खाली जेलात सडायचं?

हा अहवाल मिस्त्रींच्या कानावर कुणी घातला मला माहीत नाही. एका दुपारी ते आमच्या ऑफिसात आले. आत आलेच नाहीत, दाराशी चपला काढतात तिथंच बसले. शर्ट मळलेला होता. मी खुर्ची दिली, घेतली नाही. मी पाणी दिलं, ते घेतलं.

"त्या दिवशी म्या नळीले इचारलं नाई," ते म्हणाले. "तंबाखूचा खर्रा घोटाले लागते, तेवढाच येळ लागला असता. त्याची बी गरज नोती. काडतूस उलटं करून नळीच्या तोंडाले लावलं असतं तरी समजलं असतं. लोक पाहून राह्यले होते. म्या 'बसते' म्हनलो. खोटं नोतं ते. बसतच होती. धरते का, ते त्यानं इचारलं. 'पक्कं ना भाऊ' म्हनलं ना त्यानं? दुसरं काय इचारलं मंग त्यानं?"

"मिस्त्री, तुम्ही कोर्टात या. नळी झिजलीय एवढंच सांगा. ठाण्यात पावसाळाभर कशी ठेवली होती तेही सांगा."

"ठान्यात गंज चढला असन. पन नळी काही एका पावसाळ्यात झिजत नाई. ते आधीचंच हाय. म्या मागच्या साली बी तिले नुसतं तेल लावून देलं होतं."

"हे सांगायची गरज नाही."

"हायच ना गरज."

मला संताप आला. आमच्या कामात दोषी कोण हे ठरलेलं असतं. नुकसानीचा पंचनामा वेळेवर न करणारं खातं, लोकांना फौजेचं भंगार वापरायला लावणारी व्यवस्था. आणि हा माणूस मधेच येऊन बसतो आणि म्हणतो, मी. हे पत्रकात कुठं घालायचं? मी त्यांना सरळ सांगितलं, की तुम्ही स्वतःवर घेतलंत तर वरचे सगळे सुटतील. आम्ही व्यक्तीचं नाव घेत नाही, व्यवस्थेचं घेतो.

"घ्या ना तुमी," मिस्त्री म्हणाले. "पन व्यवस्थेच्या हातात काडतूस नोतं देलं देवरावनं. माह्या हातात देलं होतं."

"तुमचं दुकान जाईल."

"जाईन."

"मग?"

"मंग काय? तुमच्या पत्रकात खाली जागा असन तर लिहा, मुखरू मिस्त्रीनं नळी पाह्यली नाई."

मी लिहिलं नाही. वकिलांनीही समजावलं, की तपासल्यानंतर नळी बिघडली असं म्हणता येईल. मिस्त्री वकिलांकडे नुसतं बघत राहिले. वकिलांनी चष्मा पुसायला घेतला.

कोर्ट जिल्ह्याच्या ठिकाणी. पारबताबाईही आली होती, काठी टेकत. तिच्या काठीच्या टोकाचं रबर मोठं होतं. पाऊल टाकलं की काठी आधी रबरात आपटायची आणि मग रबर फरशीवर. टक्-फत्, टक्-फत्. बाकावर बसलेल्या मिस्त्रींनी तो आवाज ऐकला आणि डोळे मिटून घेतले. देवराव पलीकडे पोलिसांच्या मधे उभा होता. वहिनी त्याच्याकडे बघत नव्हती.

मिस्त्रींना उभं केलं. जप्तीतली रायफल आणि त्यातलंच एक न वापरलेलं काडतूस न्यायाधीशांच्या परवानगीनं समोर आणलं. मिस्त्रींनी रायफल टेबलावर टेकवून उभी धरली, काडतूस उलटं केलं, गोळीचं टोक नळीच्या तोंडाशी धरलं. सरकारी वकिलांनी खुर्ची मागं सरकवली.

"भिऊ नका जी. असं नाई उडत," मिस्त्री म्हणाले. "साहेब, नळी चांगली असली तर गोळीचं नुसतं टोक आत जाते आन अडते. अडाले पायजे. आता पाहा."

त्यांनी बोटं सोडली. गोळी अडली नाही. सबंध आत उतरली, आणि काडतुसाची पितळी मान नळीच्या काठावर येऊन आपटली. टण्. एवढासा आवाज. न्यायाधीश पुढं वाकले. त्यांनी स्वतः काडतूस उचललं, पुन्हा सोडलं. टण्.

"अशी नळी गोळीले धरत नाई," मिस्त्री म्हणाले. "निशाना कितीबी पक्का असू द्या. देवरावनं डुकराकडेच मारली असन. नळीनं ते कुठीबी फेकली. आडवी गेली. डाक्टरनं बी आडवीच लिहून ठेवली हाय."

सरकारी वकील उठले. त्यांच्या हातात देवरावचा जबाब होता. "आरोपी म्हणतो, मिस्त्रींनी मला सांगितलं की गोळी बरोबर बसते. म्हणजे तुम्ही स्वतःच सांगितलं होतं, की या बंदुकीतून गोळी बरोबर लागते. मग आज उलटं कसं?"

'बसते' आणि 'लागते'. आपल्या भाषेत गोळी खोबणीत बसते आणि गोळी माणसालाही बसते. इतकी वर्षं तो शब्द वापरणाऱ्या मिस्त्रींच्या हे कधी लक्षात आलं नसावं. त्यांचा चेहरा मला दिसत होता. ते वकिलांकडे बघत नव्हते, बाकावर बसलेल्या पारबताबाईकडे बघत होते.

"लागते असं नोतो म्हनलो," ते हळू म्हणाले. "म्या म्हनलो, बसते. म्हंजे खोबनीत बसते. नळी धरते का ते म्या पाह्यलंच नाई. पाहाले पायजे होतं. ते माहं काम होतं. लोकं हासून राह्यले होते, त्याच्यात म्या रायलो."

"तुम्ही स्वतःची चूक कबूल करताय, हे समजतंय का तुम्हाला?"

"समजूनच आलो, साहेब."

देवराव सुटला. इरादा सिद्ध झाला नाही, असं निकालात आलं. दुकानाचा परवाना रद्द करायची नोटीस मिस्त्रींना पुढं आली, त्याच्या आधीच त्यांनी पाटी उतरवून ठेवली होती. आम्ही विजयाचं पत्रक काढलं. त्यात मिस्त्रींना 'एका जाणकाराच्या साक्षीमुळे' एवढी जागा मिळाली.

माजरीला पोरीकडे जायच्या आदल्या आठवड्यात ते माझ्याकडे आले. "पारबताबाईच्या गावले नेसान का? मले रस्ता नाई माहीत." रस्ता त्यांना माहीत होता. बंदुकांमुळे त्या भागातलं गाव न् गाव त्यांना माहीत होतं. मी निघाले. वडसा, कुरखेडा, पुढं जीप, पुढं पायी. वाटेत जीपचं दार नीट लागत नव्हतं ते त्यांनी दोनदा ओढून बघितलं.

पारबताबाई अंगणात धानाचं सूप घेऊन बसली होती. तिनं आम्हाला ओळखलं. बसा म्हणाली नाही. धुऱ्यावर देवराव उभा होता. सुटून आल्यापासून तो तिच्या अंगणात आला नव्हता आणि तिनं बोलावलं नव्हतं. गावातल्या लोकांनी सांगितलं ते तिनं ऐकलं होतं, निकालही ऐकला होता. पण कमरेतली गोळी निकालानं हलकी होत नाही.

मिस्त्री उभेच राहिले. हात जोडले नाहीत. माफी वगैरे शब्द त्यांनी काढला नाही.

"मिस्त्री," ती सुपातलं धान पाखडत म्हणाली, "तुमी काय सांगतलं होतं जी त्याले?"

"बसते म्हनलो, बाई."

"बसते म्हनलं."

"हो."

"बसलीच मंग."

सूप थांबलं नव्हतं. कोंडा उडत होता. मिस्त्रींनी मान हलवली. मला त्या क्षणी काहीतरी बोलावंसं वाटलं, दोष खरा कुणाचा ते. पण बोलायला जागाच नव्हती.

मग मिस्त्री खाली बसले आणि खिशातून रबराच्या तीन-चार टोप्या काढल्या. काळ्या, वेगवेगळ्या मापाच्या, घरी कापून घासून केलेल्या. "काठी द्या जी जरा."

तिनं काठी दिली नाही, पण शेजारी पडलेली होती तिच्याकडे हनुवटी केली. मिस्त्रींनी काठी उचलली. नजरेनं बघून त्यांना सांगता आलं असतं कुठलं रबर लागेल. त्यांनी तसं केलं नाही. काठीच्या टोकाभोवती दोरा गुंडाळला, दोरा मोजला, एक टोपी घालून बघितली, काढली. दुसरी घातली. काढली. तिसरी घालायला ताकद लागली. दोन्ही गुडघ्यांत काठी धरून त्यांनी ती दाबून दाबून बसवली, मग पिरगाळून बघितली, मग ओढून, मग पुन्हा पिरगाळून.

"बसली का?" पारबताबाईनं विचारलं.

मिस्त्रींनी काठी गुडघ्यांत घट्ट धरली. पुन्हा एकदा दोन्ही हातांनी, चेहरा लाल होईपर्यंत ओढलं. टोपी हलली नाही.

"धरते," ते म्हणाले.

तिनं काठी घेतली, सूप बाजूला ठेवलं, उठली. एक पाऊल, दुसरं पाऊल. आवाज एकच येत होता. ती अंगणाच्या काठापर्यंत गेली, जिथून धुरा दिसतो. तिथं थांबली. देवराव पलीकडे होता तसाच उभा होता. कोण कुणाशी काय बोललं की नाही, मला ऐकू आलं नाही. मिस्त्रींना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाच, म्हणजे नीट पाहिलं. पुढं जीपमध्ये ते शेजारीच होते, पण खिडकीकडे तोंड करून. अंगणात मात्र ते उकिडवे बसले होते, हातात उरलेल्या टोप्या. त्या दोघांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते मान वाकडी करून जमिनीकडे बघत होते, काठी जिथं टेकते तिथं, आणि पुढच्या पावलाचा आवाज कसा येतो ते ऐकायला थांबले होते.